परक्या गावातलं गवत

जपानमध्ये ओस पडलेल्या घराला ‘आकिया’ म्हणतात. अशा घरांच्या याद्या ऑनलाइन मिळतात, त्यातल्या बऱ्याच तिथल्या नगरपालिकाच चालवतात. २०२३च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. (यात शहरातले रिकामे फ्लॅटही आले. सगळीच काही डोंगराच्या कुशीतली कौलारू घरं नाहीत.) तोक्योत दिवसभर कोड लिहून झाला की झोपण्याआधी मी या याद्या चाळतो. नागानोच्या डोंगराळ भागावर माझा जीव जडलाय आणि तिथे कायमचं राहावं असं मनापासून वाटतं.

कायद्याची फारशी आडकाठी नाही. परदेशी माणूस तिथे घर विकत घेऊ शकतो. घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही, आणि शेतजमिनीसाठी स्थानिक कृषी समितीची परवानगी लागते, एवढंच. मला अडवतोय तो प्रश्न वेगळाच आहे. एखादं गाव आवडणं हे तिथे कायमचं राहायला पुरेसं कारण आहे का?

कारण मला जे आवडतं ते आपोआप झालेलं नाही. डोंगरउतारावरची भातखाचरं, स्वच्छ वाहणारे पाट, वाटेच्या कडेचं नीट कापलेलं गवत, हे सगळं कुणीतरी करतं म्हणून आहे. तिथे ‘जिचिकाई’ असते, म्हणजे साधारण आपल्या कोकणातली वाडीची गावकी. ठरलेल्या रविवारी घरटी एका माणसाने गवत कापायला, पाट उपसायला जायचं. सूचनांची फाइल घरोघर फिरते, वाचून सही करायची आणि शेजाऱ्याकडे पोचवायची. आता हे करणारे बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत. म्हणजे मी ज्या दृश्याच्या प्रेमात आहे, ते म्हाताऱ्या माणसांच्या कंबरदुखीवर उभं आहे.

अ‍ॅलेक्स कर या अमेरिकन माणसाने १९७३ साली शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात एक जुनं शाकारलेलं घर घेतलं आणि वाचवलं. त्याचं मला कौतुक आहे. पण मला जास्त विचारात पाडतात ते सी. डब्ल्यू. निकल. मूळचे वेल्सचे. १९८०मध्ये ते नागानोतल्या कुरोहिमेला स्थायिक झाले. दुर्लक्षित पडलेलं जंगल तुकड्यातुकड्याने विकत घेऊन त्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि त्याला वेल्समधल्या अफान जंगलाचं नाव दिलं. १९९५मध्ये जपानी नागरिकत्व घेतलं. २०२०मध्ये नागानोतच वारले. परतीची वाट त्यांनी स्वतःहून बंद केली होती. माझ्या प्रेमात नेमकी तीच अट नाही. कंटाळा आला तर मी तिकीट काढू शकतो. शेजारची आजी नाही काढू शकत.

आणि मग आमचं स्वतःचं घर. रत्नागिरी जिल्ह्यात, वर्षातून गणपतीचे आठ दिवस उघडणारं. अंगणात गवत कमरेएवढं वाढतं, आणि ग्रासकटरवाल्याला पैसे बाबा मुंबईहून जीपेने पाठवतात. तेही एक आकियाच. मी नागानोत गवत कापायला गेलो होतो हे सांगितल्यावर बाबा फोनवर हसले. “तिकडे फुकट कापतोस होय रे? इकडे मी हजार रुपये देतोय.”

हसण्यावारी नेलं तरी त्यात प्रश्न आहेच. तिथलं ओझं मला हलकं का वाटतं? मला वाटतं, कारण आमच्या गावात मी कोण हे आधीच ठरलंय. अमक्याचा नातू, तमक्या वाडीचा, देवळात कुठे उभं राहायचं आणि कोणत्या चुलत्याशी बोलायचं नाही हेसुद्धा. नागानोत माझी पाटी कोरी आहे. पण ही कोरी पाटी पाहुण्याची असते. खरंच राहिलो तर वीस वर्षांत तिथेही पाटाच्या पाण्यावरून कुणाशी तरी बिनसेल, कुणीतरी मला टाळेल. ज्या दिवशी गावाला माझ्यावर रागवायचा हक्क वाटेल, त्या दिवशीच मी तिथला होईन. तोवर मी लांबलेल्या सुट्टीवर आहे.

कागदोपत्रीही गंमत आहे. उद्या जपानी नागरिक झालो तर भारताचं नागरिकत्व जाईल. ओसीआय कार्डावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने येऊ शकते. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं गाव एका हातात आणि न मागता आलेलं दुसऱ्या. यातलं दुसरं सोडता येतं असं मी धरून चाललो होतो. आता तितकी खात्री नाही.

सध्या एवढंच ठरवलंय की विकत काही घ्यायचं नाही. मार्चपासून वर्षभरासाठी तिथे भाड्याने राहतोय, कंपनी रिमोट कामाला तयार आहे. गवत कापायची तारीख विचारून ठेवली. जूनचा दुसरा रविवार, सकाळी सहा. यंत्र ज्याचं त्याने आणायचं आहे.