ताई आज येणार नाहीत

पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांमध्ये अलीकडे काही वर्गांत एक जास्तीची खुर्ची दिसते. ती वर्गशिक्षिकेची नसते. एखाद्या बाकाला खेटून, बहुधा दाराजवळ ठेवलेली असते आणि तिच्यावर बसणारी बाई वर्गातल्या एकाच मुलासाठी आलेली असते. शाळा तिला शॅडो टीचर म्हणते, मुलं ताई किंवा दीदी म्हणतात, शिक्षिकांना तिचं नाव आठवलं नाही तर ती ‘अमक्याची मॅडम’ होते. तिचा पगार मुलाचे आईवडील देतात. शाळेच्या मस्टरवर तिचं नाव नसतं, मे महिन्याचे पैसे मिळतीलच असं नसतं, वर्षाअखेरीच्या फोटोत ती असतेच असं नाही. काही वर्षं मी त्या खुर्चीवर बसले आहे. तेव्हा पडलेला एक प्रश्न अजून सुटलेला नाही: ज्या मुलाशेजारी मी बसते, त्याची शिक्षिका नेमकी कोण?

या कामात करतात काय, असं लोक विचारतात. सांगण्यासारखं फार नसतं. वर्गशिक्षिका एका दमात म्हणतात, ‘वह्या काढा, तारीख घाला, समास आखा आणि पान चौतीसवरचा दुसरा प्रश्न सोडवा.’ चाळीसातली पस्तीस मुलं कामाला लागतात. आपल्या मुलाच्या कानात शेवटचे दोन शब्द तेवढे शिरलेले असतात, किंवा पंख्याच्या आवाजात तेही नाही. ताईने एका सूचनेच्या चार करायच्या आणि एकेक पुढे सरकवायची. प्रार्थनेच्या वेळी ढोल वाजणार असेल तर आधीच सांगून ठेवायचं. वळलेल्या मुठी, वाढलेला श्वास, बाकाखाली हलणारा पाय ओळखायचा आणि रडू फुटायच्या आत पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर न्यायचं. मधल्या सुट्टीत डबा उघडायचा की उघडू द्यायचा, हे रोज नव्याने ठरवायचं.

मदत किती करायची हे ठरवण्यात या कामाचं सगळं कौशल्य आहे. शिकवणारे सांगतात तो क्रम असा: आधी थांबा, मग नजरेने सुचवा, मग बोट दाखवा, मग एखादा शब्द द्या, आणि हात धरणं अगदी शेवटी. वर्गात नेमकं उलटं होतं, कारण हात धरला की काम लगेच होतं. तास पस्तीस मिनिटांचा, फळा पुसला जाणार, शेजारचा मुलगा तिसऱ्या प्रश्नावर पोचलेला. अशा वेळी गप्प बसून मुलाच्या पेन्सिलकडे बघत राहणं फार अवघड जातं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही बाई नुसती बसली आहे.

आणि संध्याकाळी घरी वही उघडली जाते. वही हा या सगळ्या व्यवस्थेचा हिशेब आहे. पूर्ण वही दिसली की पालकांना पैसे कारणी लागल्यासारखे वाटतात, शाळेलाही तपासणीला काही दाखवता येतं. त्या वहीतलं वाक्य कुणाच्या डोक्यातून आलं हे कुणी विचारत नाही. मुलाच्या अक्षरात ताईची वाक्यं असलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. व्याकरण निर्दोष, शुद्धलेखन चोख. आतमध्ये मूल मात्र नाही.

ही शंका नवी नाही. इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध ‘ताई’ म्हणजे ॲन सलिव्हन. १८८७च्या मार्चमध्ये ती अलाबामातल्या टस्कंबियाला, दिसत-ऐकू येत नसलेल्या हेलन केलरकडे आली, आणि त्यानंतर १९३६ साली मरेपर्यंत ती जवळजवळ सतत हेलनसोबत राहिली. १९००मध्ये हेलन रॅडक्लिफ कॉलेजात गेली तेव्हा ॲन वर्गात तिच्या शेजारी बसून व्याख्यानातला शब्द न् शब्द तिच्या तळहातावर बोटांनी लिहायची. स्वतः ॲनची नजर अधू होती. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकं ती आधी स्वतः वाचायची आणि मग हातावर उतरवायची. लोक उघड म्हणत की शिकतेय कोण, ही की ती? म्हणून १८९९च्या प्रवेशपरीक्षेला ॲनला आत येऊ दिलं नाही. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून द्यायला हेलनच्या ओळखीचा नसलेला माणूस नेमला गेला. १९०४मध्ये हेलनला पदवी मिळाली. चारही वर्षं त्याच बाकावर बसलेल्या ॲनला काहीच मिळालं नाही.

आपल्याकडच्या परीक्षांनाही ही भीती ठाऊक आहे. लेखनिकाबाबत केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं होतं की परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालची असावी. मदत करणाऱ्याला कमी येत असलं पाहिजे, म्हणजे उत्तर मुलाचंच राहील. परीक्षेच्या तीन तासांपुरती आपण एवढी काळजी घेतो. उरलेल्या वर्षभरात, रोजच्या वर्गात, कुणाचं डोकं चालतंय याची चौकशी नाही.

हेलनचं डोकं तिचं स्वतःचं होतं याचा पुरावा मला परीक्षेत दिसत नाही, दोघींच्या मतभेदात दिसतो. हेलन स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढली. ॲन त्या बाजूची नव्हती. जिच्या बोटांतून सारं जग आपल्यापर्यंत पोचलं तिच्याशीच असहमत होता येणं ही मोठी गोष्ट आहे. ॲनची मदत कधी संपली नाही. तिच्यानंतर पॉली थॉमसन सोबतीला होती. तरीही हेलन कुणाची बाहुली झाली नाही. त्यामुळे ‘आधार हळूहळू काढून घ्या, नाहीतर मूल परावलंबी होईल’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. आधार आयुष्यभर लागू शकतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. ताईला ‘नको’ म्हणायची सोय मुलाला आहे का, हे बघायला हवं. आमच्यातल्या अनेकींच्या मुलांना ती नसते. ‘नको’ म्हटलं की त्याची नोंद ‘सहकार्य करत नाही’ अशी होते.

इंग्लंडमध्ये वर्गात मदतनीस नेमण्याची पद्धत आपल्यापेक्षा कितीतरी जुनी आणि मोठी. तिथे पीटर ब्लॅचफर्ड, रॉब वेब्स्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ ते २००८ या काळात मोठा अभ्यास केला. निष्कर्ष ऐकून शाळा हादरल्या: ज्या मुलांना मदतनिसाचा आधार जास्त, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी. मुळात ती मुलं कच्ची होती म्हणून असं झालं असेल, ही शंका त्यांनी आधीची गुणवत्ता आणि विशेष गरजा हिशेबात धरून तपासली होती. दोष मदतनिसांचा नव्हता. मदतनीस आली की शिक्षक त्या मुलाकडे कमी वळत होते. सर्वांत अवघड मूल सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसाच्या हवाली होत होतं, आणि तिला वर्ग सुरू होईपर्यंत आज धडा कोणता हेही माहीत नसे. मग ती काम संपवण्याच्या मागे लागे. अमेरिकेत मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्येच मोठ्या माणसाच्या सततच्या सान्निध्याचे तोटे मांडले होते. त्यातला एक वाचून मी चपापले: मदतनीस बाई असेल तर मुलाला स्वच्छतागृहात नेण्याचा प्रश्न तिच्या सोयीने सुटतो. आपल्याकडे या कामात बहुतेक बायकाच आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मुलींच्या स्वच्छतागृहाकडे नेलं जातं आणि वर्गातली इतर मुलं ते बघतात. त्याला काय वाटतं हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मैत्रीबद्दल तर बोलायलाच हवं. दोन फुटांवर मोठं माणूस बसलेलं असताना त्या मुलाकडे चिठ्ठी कोण सरकवणार? त्याच्या डब्यातला लाडू कोण पळवणार? वर्गातलं मूल शिक्षिकेच्या नजरेआड जेवढं शिकतं तेवढं फळ्यावरून शिकत नाही. मारामारी, रुसणं, खोटं बोलणं, पकडलं जाणं, दुसऱ्याचं नाव सांगणं, न सांगणं. हा सगळा अभ्यासक्रम ताईच्या अस्तित्वानेच रद्द होतो. मुलं काही विचारायचं असलं तरी त्याला न विचारता तिला विचारतात: ‘दीदी, ह्याला खेळायचंय का?’ मी एक सवय लावून घेतली होती. उत्तर द्यायचं नाही, त्याच्याकडे बघायचं. कधी उत्तर यायचं. कधी विचारणारा कंटाळून पळून जायचा, आणि तेही मला चालायचं. निदान त्या दोघांत काहीतरी घडलेलं असायचं.

ही व्यवस्था अशी का झाली हे समजून घ्यायचं तर पैसा कुठून येतो ते बघावं. प्रवेशाच्या किंवा पहिल्या तक्रारीच्या वेळी पालकांना सांगितलं जातं: ‘शॅडो ठेवा, म्हणजे आम्ही सांभाळू.’ नाही ठेवली तर काय, हे बोलायची गरज पडत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे; १९९५च्या कायद्यात ती सात होती. या कायद्याचं सोळावं कलम सरकारने अनुदान दिलेल्या आणि नुसत्या मान्यता दिलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शाळांबद्दल बोलतं: भेदभाव न करता प्रवेश, गरजेनुसार वाजवी सोयी, एकेका मुलाला लागणारा आधार. मात्र सरकारने त्यासाठी ‘प्रयत्न’ करावा, अशी त्याची भाषा आहे. त्या फटीतून शाळा सहज निसटतात आणि आधाराचं बिल घरी येतं. ज्यांना ते परवडत नाही त्यांचं मूल त्या शाळेत दिसतच नाही, त्यामुळे त्याची नोंदही होत नाही.

जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत ही खुर्ची नाही. तिथे समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक अनेक शाळा फिरत येतात. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षातलं चित्र त्यापासून बरंच दूर आहे. तिथे शेजारी बसणारा मुलगाच हात धरून नळावर नेतो, दप्तर भरतो. त्याचं कौतुक करताना एक सांगायला हवं. कित्येकदा ते मूल वर्षभर फळ्यावरची अक्षरं नुसती उतरवत बसतं आणि सगळे समाधानी असतात. एकीकडे माणूस नाही म्हणून शिकणं नाही, दुसरीकडे माणूस आहे म्हणून शिकवणारा नाही.

मग ताया नकोत का? असं म्हणणं क्रूरपणाचं होईल. ज्याला अचानक झटका येतो, जो दार उघडं दिसलं की रस्त्याकडे धावतो, ज्याला भरवावं लागतं, ज्याचे कपडे बदलावे लागतात, त्याच्यासाठी माणूस लागतोच. ही सेवा हलकी नाही. फ्रान्समध्ये १८०१पासून डॉक्टर इटार यांनी आवेरोंच्या जंगलात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला शिकवलं, त्यांची नोंद शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. त्याला जेवू-खाऊ घालणारी, फिरायला नेणारी, इटारांनी प्रयोग थांबवल्यावरही १८२८मध्ये तो मरेपर्यंत सांभाळणारी मादाम गेरँ मात्र तळटीपेत असते. सरकार तिला त्यासाठी वर्षाला दीडशे फ्रँक देत होतं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीही पगार सरकारी तिजोरीतून होता, एवढं तरी आपण शिकायला हरकत नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. मदतनीस वर्गाला नेमावी, मुलाला नेमू नये. तिचा पगार शाळेने करावा, नाव मस्टरवर असावं, आठवड्याचं नियोजन तिच्या हाती सोमवारी सकाळी असावं. आणि मुख्य म्हणजे रोज काही वेळ अदलाबदल व्हावी: ताई उरलेल्या वर्गाकडे लक्ष देईल आणि वर्गशिक्षिका त्या एका मुलाशेजारी बसेल. बी.एड. झालेल्या, अनुभवी शिक्षिकेचा वेळ सर्वांत जास्त कुणाला हवा, याचं उत्तर उघड आहे. शिक्षिका म्हणतील, चाळीस मुलं आहेत, वेळ कुठून आणू? तक्रार खरी आहे. ती व्यवस्थापनाकडे न्यावी, त्या मुलाच्या आईकडे नव्हे.

हे होईपर्यंत पालकांना एक सुचवते. पुढच्या मीटिंगला वहीबद्दल विचारू नका. वर्गशिक्षिकेला विचारा, ‘या आठवड्यात तुम्ही माझ्या मुलाशी काय बोललात?’ आणि मुख्याध्यापकांना विचारा, ‘ताई आज येणार नाहीत असा निरोप आला, तर माझ्या मुलाचा दिवस कसा जाईल?’ अनेक ठिकाणी उत्तर ठरलेलं आहे: आज पाठवू नका. हे उत्तर लेखी मागा. ज्या शाळेत मुलाची हजेरी दुसऱ्या कुणाच्या हजेरीवर अवलंबून आहे, त्या शाळेने त्याला अजून प्रवेश दिलेला नाही.