अभय कोणाला लाभते?



२०२५च्या मे महिन्यापासून एक प्रश्न माझ्या कानावर वारंवार येतो आहे. पहलगामच्या हत्याकांडानंतर ७ ते १० मे २०२५ असे चार दिवस आपली आणि पाकिस्तानची लढाई झाली. भोंगे वाजवून नागरिकांचा सराव घ्यायच्या ठिकाणांत आपल्या रायगडातल्या उरणचेही नाव होते. दोन्ही देशांजवळ अण्वस्त्रे आहेत, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. तेव्हापासून हरिहरेश्वरला दर्शनाला येणारी तरुण मंडळी ओसरीवर बसली की विचारतात, "बुवा, उद्या अणुबॉम्ब पडला तर तुमचे टाळमृदंग काय करणार? नामाने भय जाते म्हणता, ते खरेच जाते, की नुसता त्याचा विसर पडतो?"

प्रश्न उद्धट नाही, प्रामाणिक आहे. गळा साथ देत नाही म्हणून हल्ली कीर्तनाला उभा राहत नाही. तेव्हा जे गादीवरून सांगितले असते, ते लिहून सांगतो.

आधी भयाचा स्वभाव पाहू. १९६२च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले. लोक त्याला अष्टग्रही म्हणत. आता जग बुडणार, अशी आवई देशभर उठली. ठिकठिकाणी यज्ञ झाले, नामसप्ताह बसले. मी तेव्हा शाळकरी होतो. म्हातारी माणसे समुद्राकडे बोट दाखवून म्हणत, पाणी इथवर चढणार. ते दिवस आले नि गेले. पाणी रोजच्या भरतीला चढते तेवढेच चढले.

आता त्याच वर्षाचा ऑक्टोबर पाहा. रशियाने क्यूबा बेटावर अण्वस्त्रे नेऊन ठेवली आणि अमेरिकेच्या आरमाराने बेटाला वेढा घातला. तेरा दिवस जगाचा जीव टांगणीला लागला होता. २७ ऑक्टोबरला वेढ्याखाली सापडलेल्या एका रशियन पाणबुडीत अणुस्फोटक असलेला टॉर्पेडो सोडायची तयारी झाली. वासिली आर्खिपोव नावाच्या अधिकाऱ्याने संमती दिली नाही, म्हणून तो सुटला नाही. ही हकीकत कित्येक वर्षांनी उजेडात आली. आपल्याकडे ते दिवाळीचे दिवस होते. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केलेला, त्यामुळे सगळ्यांचे कान नेफा आणि लडाखच्या बातम्यांकडे. क्यूबाचे नाव आमच्या गावात कितीजणांनी ऐकले असेल? जगाचा दिवा विझता विझता राहिला, त्या दिवसांत आम्ही अंगणात पणत्या लावत होतो.

आमच्या किनाऱ्यानेही हाच धडा दिला. १९९३च्या सुरुवातीला आमच्याच श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे गेली, तेव्हा कुठे आपल्या दारातून काय गेले ते लोकांना कळले. पुढे १८ ऑगस्ट २०२२ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरजवळ एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७ बंदुका. सारे कोकण हादरले. चौकशीत निघाले ते असे, की इंजिन बिघडल्यामुळे माणसांनी भर समुद्रात सोडून दिलेली ती बोट वाहत वाहत इथवर आली होती.

तेव्हा पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या, की भय हे संकटाचे माप नव्हे. संकट नसते तेव्हा ते पोटात गोळा आणते आणि संकट उंबऱ्याशी असते तेव्हा घोरत पडते. आज जगातल्या नऊ देशांकडे मिळून सुमारे १२,००० अण्वस्त्रे आहेत. ती मे महिन्याच्या आधीही होती, आजही आहेत. आपले भय मात्र मे महिन्यात आले आणि पावसाबरोबर वाहून गेले. पूर्वी ते वर्तमानपत्रातून आणि रेडिओवरून दिवसातून एकदोनदा यायचे, आता खिशातल्या मोबाईलवरून घटकेघटकेला येते. फरक एवढाच. अशा चंचल भयाला विचारून जगायचे नसते.

मग कसे जगायचे? हरिहरेश्वरला आलेल्यांनी प्रदक्षिणेची वाट पाहिली असेल. देवळाकडून चढून, मग कड्यातल्या पायऱ्या उतरून ती समुद्राच्या खडकांवर येते. ती ओहोटीलाच करायची असते. भरतीत लाट खडकावर चढते आणि माणसाला ओढून नेते. गावचा माणूस काय करतो? तिथी पाहतो, पाण्याकडे पाहतो, आणि मग देवाचे नाव घेत चालू लागतो. नाम घेतो म्हणून भरती पाहायचे सोडत नाही, आणि भरती येते म्हणून प्रदक्षिणा टाकत नाही. नाम म्हणजे विसर नव्हे, हे यावरून कळावे. उलट नामाने मन जागेवर राहते, आणि जागेवर असलेल्या मनालाच संकट नीट दिसते.

पण इथेच थांबता येत नाही. समुद्राचे कुणाशी वैर नाही, त्याची वेळ सांभाळली की झाले. अणुबॉम्बच्या पाठीमागे माणसाचे वैर उभे आहे. तिथे नुसते जपून चालणे पुरत नाही, वैराचाच विचार करावा लागतो.

१६ जुलै १९४५ला अमेरिकेच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला. तो घडवणाऱ्या शास्त्रज्ञांचा प्रमुख ओपेनहायमर संस्कृत शिकलेला होता. त्या वेळी आपल्याला गीतेच्या अकराव्या अध्यायातले वचन आठवले, असे त्याने पुढे सांगितले. भगवंत आपण काळ आहोत असे जिथे सांगतात, ते ते वचन. तीन आठवड्यांनी ६ ऑगस्टला हिरोशिमावर बॉम्ब पडला आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मेली. ओपेनहायमरला आठवले ते अध्यायाच्या मध्यावरचे. ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्याने त्याच अध्यायाचा शेवट आठवावा. विश्वरूप पाहून अर्जुन कापू लागतो, नेहमीचे सौम्य रूप दाखव म्हणून विनवतो. भगवंत ते दाखवतात आणि अखेरीस आपल्याकडे कोण पोचतो ते सांगतात. त्याची एक खूण अशी, की तो कोणत्याही प्राण्याशी वैर धरत नाही. इतक्या भयाचा अध्याय, पण संपतो तो निर्वैरावर.

लगेच बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण येते. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, तो भगवंताला प्रिय. या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बॉम्ब मात्र त्यांची फारकत करू पाहतो. मी निर्धास्त राहावे म्हणून तू माझ्या धाकात राहा, असे एक देश म्हणतो. दुसराही तेच म्हणतो. परिणामी दोघेही भितात, आणि भितात म्हणून आणखी अस्त्रे करतात. जो अभय देत नाही त्याला अभय मिळत नाही, असा हा हिशेब आहे.

कुणी म्हणेल, "बुवा, शेजारी शस्त्र उगारून उभा असताना आम्ही हात जोडून बसायचे का?" नाही. सीमेवर उभ्या असलेल्या जवानांत वारकऱ्यांची मुले आहेत, त्यांना कोण कमी लेखील? भगवंतांनीही अर्जुनाला धनुष्य टाकू दिले नाही. पण त्या धनुष्यामागचे मन कसे होते, ते महाभारताच्या सौप्तिक पर्वात पाहा. झोपलेल्यांना मारून पळालेला अश्वत्थामा कोंडीत सापडला, तेव्हा त्याने पांडवांचा निःपात होवो म्हणून ब्रह्मास्त्र सोडले. अर्जुनानेही सोडले, पण सोडताना आधी गुरुपुत्राचे, म्हणजे त्या अश्वत्थाम्याचेच, कल्याण चिंतले आणि मग म्हणाला, अस्त्राने अस्त्र शांत होवो. व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते जमेना. क्रोधाने सोडलेले मागे येत नाही. शेवटी ते त्याने पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवले.

अस्त्र तेच, मंत्र तोच. एकाच्या मनात वैर नव्हते म्हणून हात आवरला, दुसऱ्याच्या वैराने पोटातले पोरही सोडले नाही. आपल्या देशाने २००३ साली आपले अण्वस्त्र धोरण जाहीर केले, त्यात पहिला वार आपण करणार नाही असे म्हटले आहे. मला ते अर्जुनाच्या कुळातले वाटते. पण कागदावरचा संयम टिकतो तो लोकांच्या मनातल्या संयमावर.

आणि इथे गोष्ट तुमच्या माझ्या घरात येते. मे महिन्यात मोबाईलवर निरोप फिरत होते, की एकदाच टाका आणि त्यांना नकाशावरून पुसून टाका. पुसायचे म्हणजे कुणाला? तिकडेही पाळण्यात पोरे आहेत, पेरणीची वाट पाहणारे शेतकरी आहेत. ज्या बोटाने असा निरोप पुढे पाठवायचा, त्याच बोटाने संध्याकाळी तुळशीची माळ ओढायची? माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा असे मागितले. मागण्यातला हा फरक सांभाळणे म्हणजेच वारकरी असणे. आर्खिपोवने एकदाच नकार दिला आणि जग वाचले. आपल्याला तेवढे मोठे काम कुणी सांगितलेले नाही. असा निरोप आला तर तो आपल्यापाशी थांबवावा, पोरांसमोर तसे बोलणाऱ्याला हात जोडून गप्प करावे, भावाशी बांधावरून वैर असेल तर आधी ते मिटवावे, एवढा नकार कुणालाही देता येतो.

सरकारने भोंग्यांचा सराव घेतला, तो घ्यायलाच हवा. वारी हा आपला सराव आहे. जात विचारायची नाही, गाव विचारायचे नाही, समोर येईल त्याला माउली म्हणून त्याच्या पायांवर डोके ठेवायचे. वर्षानुवर्षे हे केले की परक्याला शत्रू समजायची मनाची सवय सुटत जाते.

म्हणून त्या तरुणांना माझे उत्तर असे. नामाने बॉम्ब अडत नाही, असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. नामाने अडते ते बॉम्ब टाका म्हणणारे मन, आणि ते प्रथम आपलेच असते. ते आवरले की आपल्यामुळे कुणाला भय उरत नाही. मग आपल्या वाट्याचे भयही हळूहळू कमी होते, हा संतांचा अनुभव आहे. करून पाहा.

रामकृष्णहरी.