शिक्का खरा, पण कशाचा?

माझे आजोबा ८३ वर्षांचे आहेत, आणि वर्षातून एकदा त्यांना आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं.

पोस्टातून निवृत्त झालेत ते. पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला द्यायचा. बाकीच्यांना नोव्हेंबर, ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा. गेल्या वर्षी मी तेव्हा मुरुडला घरूनच काम करत होते, म्हणून त्यांना घेऊन मीच गेले. काउंटरवर बोट ठेवायचं छोटं यंत्र. आजोबांनी अंगठा ठेवला. पडद्यावर आलं, ‘अयशस्वी’. पुसून ठेवला. अयशस्वी. दुसरं बोट, तिसरं बोट, तेच.

“अहो, मी इथे बसलोय की!” आजोबा म्हणाले.

पलीकडचा माणूस ओशाळला. लहानपणी पोस्टात आजोबांकडून तिकिटं मागून नेणारा हाच. “मला दिसताय हो तुम्ही, आजोबा. मशीन घेत नाही, मी काय करू?”

त्या ‘अयशस्वी’चा अर्थ नक्की काय होता? बोटाच्या रेषा झिजल्यात? नेट गेलंय? की हा माणूस तो नव्हेच? तिन्हींना एकच शब्द. ‘मला कळलं नाही’ आणि ‘नाही’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण ज्यानं तो पडदा लिहिला त्याला तो फरक लिहावासा वाटला नव्हता. मला राग आला. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि राग जरा गिळावा लागला, कारण त्याच आठवड्यात मीही जवळपास हेच लिहिलं होतं.

माझं काम थोडक्यात सांगते. क्लाउड म्हणजे भाड्याची खोली. कुलूप तुमचं, पण दुसरी किल्ली घरमालकाकडे. तुमचं व्हर्च्युअल मशीन ज्या सर्व्हरवर चालतं, त्या सर्व्हरचा मालक एरवी त्याची मेमरी वाचू शकतो. हॉस्पिटलचा किंवा बँकेचा डेटा असेल तर हे परवडत नाही. म्हणून आता एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी आणि इंटेलच्या टीडीएक्ससारख्या सोयी आल्यात. त्यात मेमरी प्रोसेसरच्या आतच एन्क्रिप्ट होते आणि किल्ली मालकाच्या हाती लागत नाही. याला कॉन्फिडेन्शियल व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

पण आपल्याला मिळालेली खोली खरंच तशी आहे की नुसता तसा देखावा आहे, हे भाडेकरूनं ओळखायचं कसं? मालकाला विचारून उपयोग नाही, संशय त्याच्यावरच आहे. त्यासाठी अटेस्टेशन. प्रोसेसर एक अहवाल देतो: मशीन सुरू होताना आत काय भरलं होतं त्याचा हॅश, कोणत्या अटींवर सुरू केलं ते, आणि विचारणाऱ्यानं दिलेले ६४ बाइट जसेच्या तसे. खाली प्रोसेसरची सही. जुन्या पत्रांत वर शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तब असायची, म्हणजे नंतर कुणी ओळ वाढवू नये. शिक्कामोर्तब हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यात किती विचार आहे ते मला हे काम करताना कळलं.

ते ६४ बाइट कशाला? शिळा कागद ओळखायला. तुम्ही एक नवा कोरा, कुणाला आधी सांगता येणार नाही असा आकडा पाठवता आणि तो अहवालात परत आला का ते बघता. नाहीतर गेल्या महिन्यातला खराखुरा अहवाल कुणीही पुढे करेल. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे आमचा तारखेचा शिक्का.” पोस्टात रोज सकाळी शिक्क्याची तारीख बदलायची आणि पहिला ठसा वहीत उठवून बघायचा. नीट उठला तरच दिवसाचं काम सुरू.

आता मी काय केलं होतं ते. माझ्या कोडमध्ये एक फंक्शन होतं, नाव ‘इजट्रस्टेड’. अहवाल घ्यायचा, सही तपासायची, बरोबर असेल तर ‘हो’ सांगायचं. पुण्याच्या सहकाऱ्यानं रिव्ह्यूमध्ये एवढंच लिहिलं: “सही खरी आहे. मजकूर वाचलास का?”

नव्हता वाचला. एसएनपीच्या अहवालात अटींच्या रकान्यात एक बिट असतं, डीबगिंगला परवानगी आहे की नाही ते सांगणारं. परवानगी असेल तर मालक तुमची मेमरी वाचू शकतो. अहवाल अगदी प्रामाणिक आहे, सही अस्सल आहे, आणि त्यातच स्पष्ट लिहिलंय की दार उघडं आहे. माझं फंक्शन मात्र वरचा शिक्का बघून ‘विश्वासू’ म्हणून मोकळं.

जंजिऱ्याच्या जागी आधी रामपाटलाचा लाकडी मेढेकोट होता. तो कसा पडला याची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. निजामशाहीचा पिरमखान व्यापारी बनून आला, भेट म्हणून मद्य पाठवलं, कोट बघायची इच्छा बोलून दाखवली. दार आतूनच, आग्रहानं उघडलं गेलं. दंतकथेचा भाग किती ते इतिहासवाल्यांनी ठरवावं. पण नंतर उभ्या राहिलेल्या दगडी किल्ल्याच्या तटाचं आणि तोफांचं कौतुक ऐकताना मला नेहमी ते लाकडी दार आठवतं.

मग दोष कुणाचा? माझा, हे उघड आहे. पण मला अडकवून ठेवणारा प्रश्न वेगळा होता. जो पुरावा हातात देतो, त्याची जबाबदारी कुठवर? मध्ये लिनक्सचा कर्नेल असतो. अहवाल प्रोसेसरकडून घेऊन माझ्या प्रोग्रामला देणारा तोच. त्यानंच सांगून टाकावं ना, सगळं ठीक आहे की नाही!

आधी तर प्रत्येक कंपनीची खिडकी वेगळी होती. एएमडीसाठी २०२२ च्या ५.१९ मध्ये एक, इंटेलसाठी २०२३ च्या ६.२ मध्ये दुसरी, दोन्हींशी बोलायची रीत निराळी. मग इंटेलच्या डॅन विल्यम्स यांनी एकच सामायिक इंटरफेस मांडला. तो जानेवारी २०२४ मध्ये ६.७ बरोबर आला. साधी फोल्डरची रचना आहे. एक फोल्डर बनवा, ‘इनब्लॉब’ नावाच्या फाइलीत आपले बाइट लिहा, ‘आउटब्लॉब’ वाचा, अहवाल हातात. ‘प्रोव्हायडर’ सांगते की हा अहवाल कुणाच्या पद्धतीचा आहे. आणि एक ‘जनरेशन’. माझी सगळ्यात आवडती. कुणी काही लिहिलं की तिचा आकडा एकानं वाढतो. तुम्ही प्रश्न लिहिलात आणि उत्तर वाचण्याआधी दुसऱ्या कुणी त्याच फोल्डरमध्ये आपला प्रश्न लिहिला, तर तुमच्या हाती त्याचं उत्तर येईल. आकडा अपेक्षेपेक्षा पुढे गेलेला दिसला की समजायचं, हे आपलं नव्हे.

एवढं करून कर्नेल गप्प बसतो. अहवाल उघडत नाही, दोन कंपन्यांचे अहवाल एका साच्यात बसवत नाही, बरं-वाईट काही म्हणत नाही. सुरुवातीला मला ही चालढकल वाटली. वाचायचं ओझं शेवटी माझ्यासारखीवरच, आणि माझ्यासारखी काय करते ते वर सांगितलंच.

पण तो कर्नेल आहे कुठे? त्याच मशीनच्या आत. आत गडबड झाली असेल तर कर्नेलही गडबडीतलाच, आणि तो छातीठोकपणे म्हणेल, सगळं उत्तम. कॉलेजच्या ॲडमिशनला मी झेरॉक्सवर स्वतःच ‘खरी प्रत’ लिहून सही केली होती. त्याआधी माझ्या दादाच्या वेळी राजपत्रित अधिकारी शोधत फिरावं लागायचं, आणि तो अधिकारी मूळ कागद न बघताच गठ्ठ्यावर शिक्के मारायचा. दोन्हींतून एकच कळतं. ज्याच्याबद्दल प्रश्न आहे त्याचा शब्द पुरत नाही, आणि न वाचता मारलेला शिक्काही पुरत नाही. निकाल बाहेरच्यानं, ज्याचं काही पणाला लागलंय त्यानंच द्यायचा. मला कोणता हॅश चालतो, डीबगिंग चालतं का, हे कर्नेलला कसं माहीत असणार?

यावर आजोबांचं म्हणणं माझ्यापेक्षा नेमकं होतं. “पाकीट उघडून बघणं आमचं काम नव्हतं. पण शिक्का पुसट उठला, तर ती चूक आमचीच.”

मला वाटतं इंटरफेस लिहिणाऱ्याची नैतिक जबाबदारी एवढीच आहे, आणि ती काही लहान नाही. आपण काय सांगतोय ते ठसठशीत सांगायचं आणि आपण सांगत नसलेलं कुणी आपल्या तोंडी घालू नये याची काळजी घ्यायची. ‘जनरेशन’चा आकडा हेच करतो. माझं ‘इजट्रस्टेड’ नेमकं उलट करत होतं. त्यानं तपासली होती सही आणि उच्चारला होता विश्वास. पुढे ते नाव वाचणारा कुणीतरी, कदाचित मीच सहा महिन्यांनी, त्याच्या भरवशावर एखाद्या हॉस्पिटलच्या डेटाची किल्ली सोडून मोकळा झाला असता. त्या रुग्णाला ना मी माहीत, ना ते फंक्शन.

अर्थात ठसठशीत शिक्काही कुणी न वाचण्याची मुभा असतेच. त्यावर कर्नेलकडे इलाज नाही. माझ्याकडे तरी आहे का, याची खात्री नाही.

फंक्शनचे मी चार तुकडे केले: सही जुळते का, आकडा ताजा आहे का, हॅश ओळखीचा आहे का, अटी मान्य आहेत का. प्रत्येकाला उत्तरं तीन: हो, नाही, आणि तपासता आलं नाही. कोड लांबला. सहकाऱ्यानं आणखी दोन शंका काढल्या, त्यातली एक अजून सुटलेली नाही.

हयातीचा दाखला शेवटी घरीच झाला, फोनवर, चेहरा दाखवून. ओटीवर उजेड बरा होता म्हणून आजोबांना तिथल्या खुर्चीत बसवलं. ॲपनं डोळे मिचकवायला सांगितलं. फोटोला ते जमत नाही, माणसाला जमतं. आजोबांनी डोळे इतके जोरात मिचकावले की आजी हसत सुटली, तिच्या हसण्यानं मीही, आणि फोन हलला.

पडद्यावर सूचना आली, फोन स्थिर धरा.

“बघ,” आजोबा म्हणाले, “या वेळी काय चुकलं ते सांगतोय तरी.”