बावन्न पुस्तके आणि एक ओवी

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते, म्हणजे बहुधा डिसेंबरात. तिच्या आधीच्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. प्रचलित क्रमाप्रमाणे पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, मग एकोणतीस, पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस आणि सातव्या दिवशी त्रेपन्न. पाचव्या दिवशी तीनच अध्याय वाट्याला येतात, शेवटच्या दिवशी दहा. सोवळे, चटईवर झोपणे, एकभुक्त राहणे असे नियम वेगळे. ठरलेला टप्पा गाठल्याशिवाय आजी पाटावरून उठत नाही.

त्याच घरात, त्याच आठवड्यात, नातीचाही एक सप्ताह चालू असतो. जानेवारीत तिने फोनवर लिहून ठेवलेले असते : यंदा बावन्न पुस्तके. ‘गुडरीड्स’सारख्या संकेतस्थळाने २०११पासून अशा वार्षिक संकल्पांना एक पट्टीच करून दिली आहे, पुस्तक संपले की पट्टी पुढे सरकते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पट्टी एकेचाळिसावर अडकलेली असते. मग कपाटातली पातळ पुस्तके शोधली जातात. जाडजूड कादंबरी ‘पुढच्या वर्षी’ म्हणून मागे ढकलली जाते. एकतीस तारखेला यादी सर्वांना दाखवायची असते.

दोघींना एकमेकींचे वाचन थोडे हास्यास्पद वाटते. नातीला वाटते, अर्थ न लावता त्रेपन्न अध्याय म्हणून काय मिळते? आजीला वाटते, एकदा वाचून ठेवून दिलेली पन्नास पुस्तके म्हणजे काय वाचन? दोघींचे प्रश्न खरे तर एकच आहेत आणि ते फार जुने आहेत. वाचलेल्याचा हिशेब कशात मांडायचा? पानांत, की त्या पानांनी माणसाचे जे काही केले त्यात?

या प्रश्नावर वारकरी परंपरेने घेतलेली भूमिका पाहण्यासारखी आहे, कारण ती वरवर अगदी विसंगत दिसते. शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवाशात पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. सात दिवसांच्या पारायणात रोज तेराशेच्या आसपास ओव्या येतात. इतक्या वेगात प्रत्येक ओवीचा अर्थ मनात उतरेल, असे कोणी म्हणणार नाही. आणि याच परंपरेत नामदेवांच्या नावावरचा तो प्रसिद्ध अभंग आहे, जो ज्ञानेश्वरीची थोरवी गाताना वाचकाला निदान एका ओवीचा तरी अनुभव घ्यायला सांगतो. एकीकडे नऊ हजार, दुसरीकडे एक. मग खरे काय?

उत्तर गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाच्या फलकावरच छापलेले असते. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, मग प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. सकाळी मांडवात ओळीने ग्रंथ मांडलेले असतात आणि व्यासपीठचालकाच्या आवाजामागे शंभर आवाज धावत असतात. दुपारनंतरच्या प्रवचनात दोनचार ओव्यांपुढे गाडी सरकत नाही. रात्रीच्या कीर्तनात तर बुवा एकच अभंग निरूपणाला घेतात आणि दोन तास त्याच्याभोवती फिरत राहतात. एकेका चरणावर थांबतात, दृष्टांत देतात, पुन्हा त्याच चरणावर येतात. सकाळचा वेग आणि रात्रीचा संथपणा एकाच दिवसात, एकाच मांडवात, त्याच माणसांसाठी. पारायणाने ग्रंथाची वाट पायाखालची होते. कीर्तन त्या वाटेवर एका जागी बसवते.

म्हणून मोजण्याला सरसकट नावे ठेवणे बरोबर नाही. जगातल्या बहुतेक धर्मांनी वाचन मोजले आहे, कारण मोजले नाही तर ते होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. कुराणाचे तीस पारे केलेले आहेत. रमजानच्या रात्रींत तरावीहच्या नमाजात ते क्रमाने म्हणून पूर्ण करण्याची रीत आहे. ज्यू धर्मीय तोराचे साप्ताहिक भाग पाडून वर्षभरात सगळा ग्रंथ वाचतात. वाचन संपते त्या सणाला, सिम्हात तोराला, शेवटचा भाग वाचून झाला की तिथल्या तिथे पहिला भाग सुरू करतात. संपणे आणि सुरू होणे यांत एक रात्रही जाऊ देत नाहीत. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल समाजातही हा सण आहे. त्यांचे मुंबईतले ‘शआर हारहामीम’ हे सभास्थान १७९६चे.

याच धर्मातला आणखी एक हिशेब तर थक्क करणारा आहे. १९२३ साली व्हिएन्नामध्ये मेइर शपिरो या रब्बीने एक सूचना मांडली : जगभरच्या ज्यूंनी तालमूदचे रोज एकच पान वाचावे, सर्वांनी एकाच दिवशी तेच पान. पाने २७११. म्हणजे एका फेरीला जवळजवळ साडेसात वर्षे. चौदावी फेरी ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. इथे आकडा आहे, रोजचा नेम आहे, पण घाई नाही. आणि पान चुकले तर ते एकट्याचे चुकत नाही, त्या दिवशी जगभर चाललेल्या चर्चेतून माणूस बाहेर पडतो.

आपल्याकडच्या जुन्या अध्ययनाला तर चक्क सुरुवात आणि शेवट होता. श्रावणात उपाकर्म करून वेदाध्ययनाचे सत्र सुरू व्हायचे आणि साडेचार-पाच महिन्यांनी पौष किंवा माघात उत्सर्जन करून ते सोडायचे. आज जानवे बदलण्यापुरती उरलेली श्रावणी ही मुळात अभ्यासाच्या वर्षारंभाची पूजा आहे. मनुस्मृतीत उत्सर्जनानंतरचीही सोय सांगितली आहे : शुक्ल पक्षात वेद म्हणावेत, कृष्ण पक्षात वेदांगे. शिवाय अनध्याय होते. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या, मेघगर्जना, गावात कोणी गेले तर तो दिवस. या दिवशी नवे काही शिकायचे नाही. वाचनाच्या आधुनिक संकल्पांत नेमकी हीच गोष्ट नसते. बावन्न आठवडे, बावन्न पुस्तके. मध्ये अमावास्या नाही, एक पुस्तक मनातून उतरण्याआधी दुसरे हजर.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचे दार कोणाला बंद होते, हेही सांगायला हवे. वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रियांना आणि शूद्र ठरवलेल्यांना नव्हता. ज्ञानेश्वरी मराठीत आली, ती या बंद दाराला उत्तर म्हणून. तरीही लिपी हाती यायला शतके गेली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. मधल्या काळात बहुतेकांचे वाचन कानांनी झाले. एकाने पोथी वाचायची, वाड्याने ऐकायची. त्या बायकांनी वर्षात किती पुस्तके वाचली, या प्रश्नाचे उत्तर शून्य येईल. पण त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांत अख्खे रामायण आहे.

ऐकण्याची ही रीत संपलेली नाही. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे जाहीर वाचन चालते. मूळ इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. तीन महिने, रोज काही पाने, एकच ग्रंथ. वाचणारा बदलतो, ऐकणारे पुढच्या वर्षी पुन्हा तेच ऐकायला येतात. आणि याच बाबासाहेबांच्या जयंतीला विद्यार्थी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम करतात. दादरच्या ‘राजगृहा’तल्या त्यांच्या प्रचंड ग्रंथसंग्रहाची आठवण त्यामागे असते. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ असा प्रश्न विचारणाऱ्याला एका ग्रंथावर भागवता येत नाही; त्याला शंभर ग्रंथ एकमेकांसमोर उभे करून साक्षी काढाव्या लागतात. अधिक वाचणे हा तिथे हव्यास नव्हता, ती कामाची गरज होती.

मग सेनेकाचे काय करायचे? या रोमन तत्त्वज्ञाने लुसिलियस या मित्राला लिहिलेल्या पत्रमालेत दुसऱ्याच पत्रात बजावले आहे की, अनेक लेखकांकडे धावू नकोस. थोड्यांच्या सहवासात राहा आणि रोज एखादा विचार निवडून तो त्या दिवशी पचव. शोपेनहाउएरने १८५१च्या आपल्या निबंधांत आणखी पुढे जाऊन म्हटले की, सतत वाचणाऱ्याच्या डोक्यात दुसराच माणूस विचार करत असतो. दोघांचे म्हणणे टोचते. पण दोघेही स्वतः अफाट वाचलेले होते, हे विसरून चालत नाही. आधी सकाळचे पारायण झालेल्यांनीच रात्रीच्या कीर्तनाची महती गायली आहे.

त्यामुळे ‘जास्त की कमी’ असा वाद घालण्यापेक्षा वाचनानंतर काय, हे विचारणे उपयोगी. भारतीय परंपरांनी इथे फार नेमके शब्द दिले आहेत. बृहदारण्यक उपनिषदात घर सोडून निघालेले याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याविषयी सांगतात तेव्हा श्रवण, मनन आणि निदिध्यासन या पायऱ्या येतात. ऐकणे ही फक्त पहिली. जैन परंपरा याहून व्यवहारी आहे. तिथे स्वाध्याय हे आभ्यंतर तप मानले आहे आणि तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. सोप्या भाषेत, वाचणे, विचारणे, घोळवणे, पुन्हा म्हणणे, दुसऱ्याला सांगणे.

सरत्या वर्षाचा हिशेब मांडायला या पाच रकाने असलेल्या वहीपेक्षा चांगली वही सापडणार नाही. पहिल्या रकान्यात सगळीच पुस्तके येतील, एकेचाळीस तर एकेचाळीस. दुसऱ्यात फक्त तीच, ज्यांच्याबद्दल कोणाला तरी काही विचारावेसे वाटले. तिसऱ्यात ती, जी भाजी निवडताना किंवा लोकलच्या दारात उभे असताना आठवली. चौथ्यात ती, जी पुन्हा उघडली. पाचव्यात ती, जी दुसऱ्याला समजावून सांगता आली. नातीच्या यादीतली बरीच पुस्तके दुसऱ्या रकान्याआधीच गळतील. पण आजीच्या पोथीलाही चौथा रकाना सोडून बाकीचे भरता येतात का, हे पाहावे लागेल. दरवर्षी म्हटलेल्या अध्यायाविषयी तिने कधी कोणाला एक शंका विचारली आहे का?

हे रकाने भरायला वेळ किती लागतो, याची दोन मराठी उदाहरणे आहेत. १८७२ साली सोळा वर्षांच्या बाळ टिळकांनी आजारी वडिलांना गीतेवरची ‘भाषाविवृति’ ही प्राकृत टीका वाचून दाखवली. गीतेशी त्यांचा हा पहिला परिचय. तिथे पडलेला प्रश्न त्यांनी सोडला नाही. ‘गीतारहस्या’चा मसुदा मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात काही महिन्यांत लिहून झाला आणि पुस्तक १९१५ साली निघाले. लिहायला काही महिने, वाचायला अडतीस वर्षे. दुसरे उदाहरण एकनाथांचे. हातांहातांनी नकला होता होता ज्ञानेश्वरीत पाठभेद आणि भर शिरली होती. नाथांनी प्रती ताडून शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद शेवटी लिहिली. एका वाचकाने एका ग्रंथाचे इतके नीट वाचन केले, म्हणून पुढच्या सगळ्यांना तो ग्रंथ वाचता आला.

अर्थात प्रत्येकाला मंडाले लाभत नाही, आणि लाभू नये. पण तुरुंगातलेच एक उदाहरण सामान्य वाचकाला झेपेल असे आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. सोबतच्या कैद्यांसाठी त्यांनी दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे ठरवले. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारीला झाले, अठरावे १९ जूनला. मधला एकही रविवार चुकला नाही. साने गुरुजी ते ऐकत आणि उतरवून घेत; त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. सातशे श्लोकांची गीता पाठ म्हणणारा माणूस एका सकाळीत संपवतो. विनोबांनी तिला अठरा आठवडे दिले, आणि मधले सहा दिवस रिकामे ठेवले. ते सहा दिवस हेच बहुधा त्या वर्गाचे अनध्याय असावेत.

नातीने येत्या जानेवारीत बावन्नचा आकडा जरूर लिहावा. सकाळचे पारायण चालू राहायला हवे. त्याखाली एकाच पुस्तकाचे नाव वेगळे लिहावे. गीताच असली पाहिजे असे नाही. दासबोध चालेल, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ चालेल, तुकोबांची गाथा चालेल. त्याचे अठरा भाग पाडावेत, दर रविवारी एक वाचावा आणि तो आजीला मोठ्याने वाचून दाखवावा. आजीने दर वेळी एक तरी शंका काढावी. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरुवात केली, तर अठरावा रविवार एप्रिल सरताना किंवा मे उजाडताना येतो. त्यानंतर वर्षात आणखी चौतीस रविवार उरतात.