सपाटीवरचा चढ

फ्लॉरिडा संस्थानातील सर्वांत उंच टेकडी, ब्रिटन हिल, समुद्रसपाटीपासून अवघी 345 फूट उंच आहे, आणि अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही संस्थानाचे सर्वोच्च ठिकाण याहून ठेंगणे नाही. तरीही टॅम्पा उपसागराला मिळणाऱ्या अलाफिया नदीच्या खोऱ्यात, एका सरकारी उद्यानात, लोक डोंगरी सायकली घेऊन चढ चढावयास येतात. हे चढ निसर्गदत्त नव्हेत. तेथे पूर्वी फॉस्फेटची खाण होती. खतासाठी खनिज काढून घेताना वरची माती अजस्र यंत्रांनी बाजूला लोटली, तिचे उंचवटे झाले आणि खड्ड्यांत पाणी साठून तळी झाली. खणलेली जमीन पूर्ववत करून देण्याची सक्ती 1975 च्या कायद्याने आली. तत्पूर्वी उकरलेल्या कित्येक जमिनी तशाच बेवारस पडून राहिल्या. या उंचवट्यांवरून आज हातभर रुंदीची वाट जाते: ओकच्या उघड्या मुळांवर पुढचे चाक तिरके बसले की घसरते, आणि उतारापाशी साठलेल्या भुसभुशीत वाळूत रुतले की स्वार सायकलीच्या आधी पुढे जातो.

गुळगुळीत रस्त्याने मोटारीतून आलेल्या माणसाने, जेथून निघाला तेथेच परत आणणारी ही बिकट वाट कोणत्या प्रयोजनाने पत्करावी? हाच प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वराविषयी उपस्थित झाला आहे. जो आप्तकाम, ज्याला काहीच मिळवावयाचे उरले नाही, तो सृष्टीच्या खटाटोपात कशाला पडेल? सूत्रकार उत्तर देतात, लीला म्हणून; आणि शंकराचार्य दृष्टांत देतात तो सर्व इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा.

उत्तर सुंदर आहे, परंतु राजा शिकारीला निघाला की हाकारे घालायला वेठीला धरली जाते ती रयत, आणि खेळ होतो एकाचा, जीव जातो दुसऱ्याचा. ईश्वरावर पक्षपाताचा व निर्दयतेचा ठपका येतो, हे सूत्रकारांनीही लगेच पुढच्याच सूत्रात विचारात घेतले असून, जो तो आपल्या कर्माप्रमाणे भोगतो असा निकाल दिला आहे. कर्म हा चोख दप्तर ठेवणारा कुलकर्णी खरा, पण त्याच्या दप्तराने हिशेब जुळतो, खेळ निर्दोष ठरत नाही.

अलाफियाच्या वाटा आखणारे आणि पावसानंतर दुरुस्त करणारे स्वयंसेवक स्वतः सायकलस्वारच असतात. ज्याने वळण अवघड केले, त्याचाच गुडघा त्या वळणावर फुटतो. म्हणून तेथे कोणी फिर्यादी नाही आणि कोणी आरोपी नाही. जीव आणि ब्रह्म एकच असतील तरच लीलेचा सिद्धांत न्याय्य ठरतो, कारण मग खेळणारा आणि पडणारा वेगळे उरत नाहीत. यावर प्रतिपक्षाचा जुना आक्षेप असा की, कोणीही स्वतंत्र पुरुष स्वतःसाठी बंदिखाना बांधून त्यात शिरत नाही. तेव्हा ब्रह्म स्वतःच जीव होऊन दुःख का ओढवून घेईल? आक्षेपामागचे गृहीतच या सपाट प्रदेशाने खोटे पाडले आहे. येथे स्वतंत्र माणसे स्वतःसाठी अडचण बांधतात आणि आनंदाने तीत शिरतात.

परंतु त्याच संस्थानात ओकालानजीक सँटोस येथेही अशाच नामांकित वाटा आहेत. 1930 च्या दशकात तेथील कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती सरकारने एका कालव्यासाठी उठवली; 1936 मध्ये काम थांबले, पुढे पुन्हा सुरू झाले, आणि 1971 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी ते थांबवले. घरे गेली ती गेलीच. कालवा झाला नाही, आणि त्यासाठी घेतलेल्या जमिनीवर आज सायकली धावतात. स्वाराचा यात अपराध नाही, तरी त्या मूळ उलाढालीला लीला म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही, कारण आराखडा काढणाऱ्यांपैकी एकाचेही घर त्या हद्दीत नव्हते. जगाला ईश्वराचा खेळ म्हणणाऱ्या तत्त्वज्ञानाने हीच कसोटी प्रथम ईश्वराला लावावी. तीवर अद्वैताचा ईश्वर उतरतो, सिंहासनावर बसून पाहणारा उतरत नाही.