इवल्या चेहऱ्यांचा रंग

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती घरांच्या एखाद्या कोपऱ्यात गवत, पुठ्ठा आणि कागदाचे डोंगर यांतून गव्हाणीचा देखावा उभा राहतो. वसईच्या वाड्यांत तो असतो, गोव्यात असतो, आणि नोकरीनिमित्त इंदूर, बंगळूर वा दिल्लीस जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन खोल्यांतही असतो. आपण मूर्ती मांडतो, मेंढराचा तुटलेला पाय चिकटवतो, दिव्यांची माळ सोडतो. पण त्या बोटभर उंचीच्या मेंढपाळाला रंग कोणी दिला आणि तो देताना त्याच्या मनात काय होते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कारागिरीचा. माझ्या मते तो नीतीचाही आहे. रंगवणाऱ्याने ठरीव नियमांनी चालावे की अंतःप्रेरणेने? आणि अंतःप्रेरणेने चालायचे, तर ती विश्वासास पात्र आहे हे कशावरून?

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. पुरुषभर उंचीच्या पुतळ्यावर प्रकाश पडला की छाया आपोआप उमटते. नाकाखाली, पापणीखाली, वस्त्राच्या चुणीत ती आपले काम करते. दोन-तीन इंचांच्या मूर्तीवर असे घडत नाही. तिचे खोलगट भाग इतके उथळ असतात की प्रकाश सर्वत्र सारखाच पसरतो आणि मूर्ती सपाट दिसते. म्हणून रंगवणाऱ्याला छाया स्वतः घालावी लागते: खोल जागी गडद, उंचवट्यावर फिका. वास्तवात जे नाही ते रंगवल्याखेरीज वास्तवाचा भास होत नाही, हे या कलेतील पहिले कोडे. दुसरे कोडे डोळ्यांचे. डोळ्यात पांढरे असते हे सर्वांस ठाऊक आहे. पण राईएवढ्या डोळ्यात शुभ्र पांढरा भरला, तर ती मूर्ती भूत पाहिल्यासारखी दचकलेली दिसते. हातभर अंतरावरून पुष्कळदा भुवईखालची एक सावलीच डोळ्याचे काम अधिक खरेपणाने करते. जे ठाऊक आहे ते रंगवायचे नाही, जे दिसते ते रंगवायचे. पेणच्या गणपती-कारखान्यांत डोळ्यांची आखणी कोणाच्याही हाती देत नाहीत, अनुभवी हातच ती करतो, याचे कारण हेच असावे. (नवखा माणूस बारीक कामासाठी सर्वांत बारीक कुंचला शोधतो, हेही जाता जाता सांगतो. त्यात रंग राहत नाही, मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधीच सुकतो. जाणता मनुष्य जाड पोटाचा पण टोकदार कुंचला घेतो.)

यांपैकी बऱ्याच गोष्टी नियमांत बसवता येतात, आणि बसवल्या गेल्याही आहेत. पाश्चात्त्य देशांत पटावरच्या युद्धखेळांसाठी सुमारे २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक रंगवण्याचा मोठा छंद आहे. रंगांचे कारखानदार त्यासाठी क्रमवार पद्धती पुरवतात: अस्तर हे, मूळ रंग हा, छायेसाठी पातळ रंग तो, कडांना फिका अमुक. पद्धत पाळली की मूर्ती नीटनेटकी होते. त्याच जगात जॉन ब्लँश या इंग्रज चित्रकाराने दुसरी वाट दाखवली. मोजकेच रंग घ्यायचे, तेही बहुधा तांबूस-तपकिरी. ते एकमेकांत मिसळू द्यायचे, डाग राहू द्यायचे आणि मूर्तीचा एकूण भाव पाहत पुढे जायचे. एकाने विचारावे, कडा स्वच्छ आहे का? दुसऱ्याने विचारावे, हा मनुष्य कोण आहे? मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. मात्र त्याला स्वैरपणाचा परवाना समजणाऱ्यांशी माझे जमत नाही. ‘मला असे वाटले’ हे वाक्य कलेत जितक्या सहजतेने खपते, तितके ते व्यवहारात खपले असते तर न्यायालये बंद करावी लागली असती.

कारण असे की मूर्ती रंगवणाऱ्याची स्थिती कोऱ्या कापडासमोर बसलेल्या चित्रकारासारखी नाही. आकार त्याला मिळालेला असतो, तो दुसऱ्याने घडवलेला असतो. सतराव्या शतकातील सेव्हिलमध्ये तर मूर्तिकार आणि रंगकार यांचे व्यवसाय कायद्यानेच वेगळे होते. हुआन मार्तिनेस मोंतान्येस या थोर मूर्तिकाराने एका वेदीचे रंगकामही आपल्याच करारात घेतले, तेव्हा चित्रकार फ्रान्सिस्को पाचेको याने १६२२ साली त्याविरुद्ध पत्रक छापले. त्या वादात व्यावसायिक स्वार्थ होता हे उघड आहे. तरी रंगाविना मूर्ती अपुरी आहे, आणि ती पुरी करणे ही स्वतंत्र जबाबदारी आहे, ही समज तीत होती. याच पाचेकोने मोंतान्येसच्या क्रूसावरील ख्रिस्ताला रंग दिला होता. चकाकत्या रंगाऐवजी झळाळी नसलेला रंग त्याला त्वचेशी अधिक प्रामाणिक वाटे. त्याच शहरात १६५२ साली जन्मलेली लुईसा रोल्दान पुढे राजदरबारची मूर्तिकार झाली. तिने भाजलेल्या मातीचे लहान लहान मूर्तिसमूह घडवले आणि ते रंगवले तिच्या दिराने, तोमास दे लोस आर्कोस याने. तिच्या बोटांनी मातीत जे म्हटले ते त्याच्या कुंचल्याला आधी ऐकावे लागले असणार. या कलेतील अंतःप्रेरणा म्हणजे असे ऐकणे होय. काही रंगवणारे रंग उघडण्यापूर्वी मूर्तीवरून नुसते बोट फिरवतात, ते यासाठीच.

आता तत्त्वज्ञांकडे वळू. संत थॉमस अक्वायनस याने न्यायनिर्णयाचे दोन मार्ग सांगितले आहेत. शुचितेविषयी एखादा प्रश्न पडला, तर नीतिशास्त्र शिकलेला मनुष्य विचाराने योग्य उत्तर देईल. पण ज्याच्या अंगी शुचिता मुरली आहे तो शास्त्र न शिकताही, केवळ आपल्या अंतरीच्या ओढीने, योग्य तेच ओळखेल. विसाव्या शतकात जाक मारितँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने हाच धागा कलेपर्यंत नेला. १९५२ साली वॉशिंग्टन येथे दिलेल्या आणि पुढल्या वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्याने कलावंताच्या प्रातिभ ज्ञानाची चिकित्सा केली. या दृष्टीने पाहिले तर अंतःप्रेरणा ही आकाशातून पडलेली वीज नव्हे. ती अंगवळणी पडलेली जाण आहे. हात वर्षानुवर्षे जे करतो आणि डोळा वर्षानुवर्षे जे पाहतो, ते शेवटी विचाराची वाट न पाहता कृतीत उतरते. पवित्र शास्त्रात निवासमंडपाचे काम करणारा बसालेल देवाच्या आत्म्याने परिपूर्ण होता असे सांगितले आहे, आणि त्याच ठिकाणी त्याच्या धातुकामाची, रत्ने पैलू पाडण्याची, लाकूड कोरण्याची यादीही दिली आहे. प्रेरणा आणि कसब तिथे वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत.

पण इथेच खरी अडचण सुरू होते. अंतःप्रेरणा म्हणजे अंगी मुरलेली सवय असेल, तर तीत चांगले मुरते तसे वाईटही मुरते.

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांताच्या ‘सांतों’ मूर्ती घ्या. सांतों म्हणजे छोटे संत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चर्चे बंद झाली, तिथले गव्हाणीचे देखावेही थांबले. मार्सेलच्या झाँ-लुई लान्येल (१७६४–१८२२) याने प्लॅस्टरच्या साच्यांतून मातीच्या छोट्या, स्वस्त मूर्ती काढल्या आणि गव्हाण सामान्य माणसाच्या घरी गेली. १८०३ पासून मार्सेलमध्ये सांतोंचा बाजार भरू लागला. या देखाव्यात बाळ येशूकडे येणारे लोक बेथलेहेमचे नाहीत, प्रोव्हान्सच्या खेड्यातले आहेत: कोळीण, गिरणीवाला, सुऱ्यांना धार लावणारा, लसूण विकणारी, आंधळा म्हातारा. एका साच्यातून शंभर कोळणी निघतात. त्यांना एकमेकींपासून वेगळे करतो तो केवळ रंग.

त्यांत ‘राव्ही’ नावाची एक मूर्ती असते. दोन्ही हात वर उचललेला हा गावचा भोळसट. इतरांनी मासे, पीठ, लसूण आणले आहे. याच्या हाती काहीच नाही, आहे ते फक्त आश्चर्य. आता हा चेहरा रंगवा. तोंडाची रेघ केसभर खाली ओघळली की तो वेडगळ दिसतो आणि पाहणारा हसतो. भुवई केसभर वर गेली, ओठ जरासा उघडा राहिला, की देखाव्यातील इतक्या शहाण्या माणसांत प्रभूला ओळखणारा हाच एक आहे असे वाटू लागते. दोहोंमधील अंतर अर्धा मिलिमीटरसुद्धा नसेल. ते कोणत्याही पुस्तकात सांगता येत नाही. गावातल्या भोळ्या माणसाकडे तुम्ही आजवर कसे पाहत आला आहात, ते त्या क्षणी तुमचा हात सांगून टाकतो.

याच देखाव्यात भटक्या जमातीचा ‘बूमियां’ही असतो, आणि त्याच्याकडे गाव संशयाने पाहते. काळी दाढी, अंगावर डगला, पुष्कळदा कमरेला सुरी. त्याच्या चेहऱ्यावर गडद रंग घालताना रंगवणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. हात आपणहून तिकडे जातो. हीदेखील अंतःप्रेरणाच, नाही का? आणि हे परक्यांच्याच घरी घडते असे नाही. आपल्या बाजारात मिळणाऱ्या देखाव्यांत मरिया, योसेफ आणि बाळ येशू बहुधा गुलाबी असतात. मेंढपाळ थोडे सावळे. आणि तिघा मागींपैकी एक काळा. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागींची संख्या नाही, नावे नाहीत, वर्णही नाही. एक मागी काळा दाखवण्याची रीत युरोपीय चित्रकलेत पंधराव्या शतकात रुळली. प्लॅस्टरच्या मूर्तीला गुलाबी हात देणारा आपला कारागीर स्वतः सावळा असतो, त्याची आई सावळी असते, आणि तरीही पावित्र्याचा रंग कोणता असे त्याच्या हाताला विचारले तर हात गुलाबी बाटलीकडे वळतो. अमेरिकेतील क्रेयोला कंपनी तशाच फिकट गुलाबी खडूला ‘त्वचा’ म्हणत असे. १९६२ साली तिने त्याचे नाव ‘पीच’ केले. नाव बदलणे सोपे होते. हाताची खोड इतक्या सहजी जात नाही.

गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलेले आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली, तिला आपल्या मातीतला वर्ण दिला. त्यासाठी त्यांना स्वकीयांचा रोष सोसावा लागला. रोष करणारे लबाड नव्हते. त्यांना ते चित्र मनापासून अपवित्र वाटत होते. त्यांची अंतःप्रेरणा त्यांना तसेच सांगत होती. म्हणूनच ‘मनापासून’ हा शब्द या प्रश्नात पुरेसा पडत नाही.

मग अंतःप्रेरणा टाकून नियमांकडे परतावे काय? तसे मला वाटत नाही, आणि त्याचे कारणही गोव्यातच सापडते. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताच्या वीतभर उंचीच्या मूर्ती घडल्या. आज त्या जगातील मोठ्या संग्रहालयांत आहेत. उत्तम मेंढपाळ म्हणून बाल येशू एका डोंगराच्या माथ्यावर बसला आहे, मांडीवर मेंढरू, हात गालाला टेकलेला, डोळे मिटलेले. खाली कड्याकपारींत झरा आणि मेंढरे. काहींवर सोनेरी आणि इतर रंगांच्या खुणा अजून दिसतात. युरोपातून आलेल्या नमुन्यांत असा मेंढपाळ शोधून सापडणार नाही. ती निश्चल, आत वळलेली मुद्रा पाहून अनेक अभ्यासकांना ध्यानस्थ बुद्धाची आठवण झाली आहे. ती घडवणाऱ्या स्थानिक कारागिराने धर्मांच्या संवादावर काही चिंतन केले असेल असे मी मानत नाही. शांतता दाखवायची म्हटल्यावर त्याच्या हातांना जी शांतता ठाऊक होती, ती त्यांनी दाखवली. नियमाने चालला असता तर ही मूर्ती जगाला मिळाली नसती. ज्या वारशाने गुलाबी बाटलीकडे हात वळतो, तशाच वारशाने हे मिटलेले डोळेही दिले.

म्हणून प्रश्न अंतःप्रेरणा हवी की नको असा नाही, ती असतेच. ती कशावर पोसली आहे, हे तपासण्याचे कष्ट रंगवणारा घेतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो. हे तपासणे कुंचला हातात असताना करता येत नाही. त्या वेळी विचार करणारा हात थरथरतो. ते आधी करावे लागते, स्टेशनवर, मासळीबाजारात, प्रार्थनेला जमलेल्या माणसांच्या रांगांत, चेहऱ्यांकडे पाहून. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या डोळ्यांखालचा रंग जांभळट असतो, काळा नसतो. उन्हात राबलेल्या मानेवर तांबूस छटा चढते. बाळंतिणीचा चेहरा पहिल्या रात्री गुलाबी नसतो, थकून ओढलेला असतो, आणि मरियाही त्या रात्री बाळंतीणच होती. एवढे पाहून झाले की मेजावर एकच बशी पुरते. तीत गेरू, पिवळी माती, थोडा तपकिरी आणि कुंचल्याच्या टोकावर मावेल इतका पांढरा कालवावा. त्याच बशीतून आधी मेंढपाळाची मान रंगवावी, मग योसेफाचे हात. आणि ती सुकण्यापूर्वी, दोन थेंब पाणी घालून, गव्हाणीतल्या बाळाचे कपाळ.