अंधारात कातलेलं सूत

कळमनुरी,
कार्तिक वद्य पंचमी

चि. नातीस,

तुझा फोटो तुझ्या मामानं मोबाइलवर मोठा करून दाखवला. मांडीपुढं उघडलेला पेटी चरखा आणि सतरंजीभर तुटलेले धागे. खाली तू लिहिलंस, ‘आजी, हातभरसुद्धा सूत निघत नाही. चरखाच खराब असेल का?’ फोनवर सांगून समजण्यासारखं हे नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

चरखा चांगला आहे. दोरीची माळ दोन्ही चाकांवरून नीट गेली आहे, चाती, म्हणजे सूत पिळणारी सळई, तीही सरळ दिसते. मला खटकला तो शेजारचा निळ्या कागदातला कापूस. पोरी, तो औषधाच्या दुकानातला. त्यातलं मूळचं मेण धुऊन काढलेलं असतं, म्हणून तर तो पाणी शोषतो. पण कातताना तंतू एकमेकांवरून सरकतात ते त्या मेणामुळंच. ते गेलं की तंतू अडकत अडकत येतात आणि गाठी पडतात. जखम पुसायला तो उत्तम, कातायला नाही. कापसाची सोय मी केली आहे, ते शेवटी सांगते.

माझा पहिला चरखा १९५९ साली घरात आला, मी अकरा वर्षांची असताना. त्याआधी शाळेतली टकळी हातात होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण द्यायचं मांडलं. ते आमच्या गावच्या शाळेत पोचलं तेव्हा निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. पितळी चकतीची टकळी वाटीत टेकवून फिरवायची आणि तासाच्या शेवटी मास्तर सूत मोजायचे. मोजायचे, पण कसं कातायचं ते दाखवत नसत. ज्याचं सूत कमी त्यानं उभं राहायचं. मी वर्षभर उभी राहिले. हात वाईट आहे अशी माझी खात्रीच झाली होती, आणि एवढ्याशा वयात हाताबद्दल असं वाटणं बरं नव्हे.

वडील खादी घालत. १९३८ साली निजाम सरकारनं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आणली आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं मराठवाड्यातली तरुण पोरं गेली, त्यांतले ते. त्यांनीच कुणाकडून तरी वापरलेला सागवानी चरखा आणला. पण शिकवलं मला माझ्या आजीनं, म्हणजे तुझ्या खापरपणजीनं. ती रात्री जेवणं झाली की रॉकेल वाचवायला कंदील मालवायची आणि अंधारात कातत बसायची. चाक कुरकुरायचं, मधेच थांबायचं, पुन्हा कुरकुरायचं. सकाळी पाहावं तर चातीवर सुताची भरलेली कुकडी.

एके दिवशी तिनं भर दुपारी माझ्या डोळ्यांवर पदर बांधला. ‘आता कात,’ म्हणाली. मी रडवेली झाले. तिनं माझा डावा हात आपल्या हातात धरला आणि म्हणाली, ‘बघू नको. बोटाला काय लागतं ते सांग.’

तुलाही मी तेच करायला सांगणार आहे, पण आधी आत काय घडतं ते समजून घे. उजवा हात नुसतं चाक फिरवतो. सूत होतं ते डाव्या हाताच्या चिमटीत, जिथं पेळू, म्हणजे कापसाची वळलेली वात, धरलेला असतो. चातीच्या टोकाशी तार थोडी तिरकी धरलीस की दर फेऱ्याला ती टोकावरून निसटते आणि एक पीळ पडतो. हा पीळ तारेतून धावत येतो, आणि धावतो तो आधी पातळ जागी. जाड जागा तशीच मऊ राहते. तुझ्या धाग्यात एका ठिकाणी तारेसारखा कडक पीळ आणि शेजारीच कापसाची फुगलेली अळी दिसते ना, ती याच्यामुळं. नवं माणूस ती अळी पाहून घाबरतं आणि तोडून टाकतं. तोडू नको. हात हळूच मागं ने. अळीत पीळ नाही, म्हणून तंतू तिथंच सरकतात. ती आपोआप बारीक होते आणि मग पीळ तिच्यातही शिरतो. सूत स्वतःला सारखं करून घेतं, आपण त्याला तेवढी सवड द्यायची.

चिमूट फार आवळलीस तर तंतू सुटत नाहीत आणि तार तटकन तुटते. फार सैल सोडलीस तर पीळ चिमटीतून मागं पेळूत घुसतो आणि पेळूचाच दोर होतो. या दोहोंमधली पकड सांगून येत नाही. पण पीळ चिमटीपाशी येतो तेव्हा बोटाखाली बारीकशी हालचाल कळते, मुंगी चालल्यासारखी. ती डोळे मिटल्यावर लवकर कळते. मला त्या दुपारी कळली. आजीला ‘लागलं, लागलं’ म्हणून ओरडले होते.

हातभर सूत झालं की चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडव, तार चातीशी काटकोनात आण आणि चाक पुढं फिरवून ती भरून घे. मग पुन्हा तिरकी. आणि चाक हळू. पेटी चरख्याला दोन चाकं असतात ती वेग वाढवायलाच; मुठीचा एक फेरा आणि चाती कितीतरी वेळा फिरते. तुझा हात अजून त्या वेगाला पुरा पडणार नाही.

या पेटीला जुनी माणसं येरवडा चक्र म्हणत. १९३० च्या सुमारास गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, तिथं त्यांनी या चरख्यावर बरेच प्रयोग केले. तू पुण्यात राहतेस, तेव्हा ही पेटी एका अर्थानं तुझ्याच गावची. आणि उशिरा शिकतेय असंही वाटून घेऊ नको. १९०८ सालापर्यंत आपण चरखा किंवा हातमाग पाहिल्याचं आठवत नाही, असं गांधीजींनीच आत्मकथेत लिहिलंय. साबरमतीला आश्रमात आधी माग आले. हातचं सूत कुठून आणायचं हा प्रश्न पुढं उभा राहिला. गंगाबेन मजमुदार नावाच्या बाईंनी गावोगाव हिंडून बडोदे संस्थानातल्या विजापुरात चरखे शोधून काढले. तेही लोकांनी माळ्यावर टाकून दिलेले. तोवर गांधीजींची पंचेचाळिशी केव्हाच उलटून गेली होती.

चरखा आपल्याकडं अनादि काळापासून आहे असं मलाही वाटायचं. तसं नाही. इतिहासकार इरफान हबीब यांनी त्याचा हिंदुस्थानातला जो जुना लेखी दाखला पुढं आणला, तो १३५० सालचा, इसामी या कवीच्या फारसी ग्रंथातला. या इसामीला तुघलकाच्या हुकमानं दिल्लीहून आपल्या दौलताबादेत यावं लागलं होतं. १३५० म्हणजे शके १२७२, नामदेवांच्या समाधीचं साल. इथून जवळ नर्सीला त्यांचं जन्मस्थान मानतात. शिंप्याचं घर, सुईदोऱ्याशिवाय चूल पेटायची नाही. त्या घरी आलेलं कितीतरी सूत हातातल्या चातीवरच कातलेलं असणार, असं नर्सीला गेले की माझ्या मनात येतं. इसामीनं तो उल्लेख केला मात्र रझिया सुलतानेला बोल लावायला: बाईनं राज्य करू नये, चरख्यापाशी बसावं. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं. माझ्या आजीचा चरखा तिला कोंडून ठेवणारा नव्हता. दिवसभर घराचं झाल्यावर ते दोन तास तिचे असत, आणि अंधारात तिला कुणी काही मागत नसे.

माझी पहिली गुंडी व्हायला पावसाळा गेला. तेव्हा चार फुटांची एक तार आणि ६४० तारांची गुंडी. वडिलांनी ती १२ फेब्रुवारीला, गांधीजींच्या स्मृतीला वाहायच्या सूतांजलीत दिली. मला अभिमान वाटला, पण त्यातली वीतभर तार मी ठेवून घेतली नाही, याची आजही चुटपुट लागते. तू आपलं पहिलं सूत, ते अळ्यांचं, गाठींचं, वहीत चिकटवून ठेव. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो, त्याच्या कापडाला लागतं तसं एकसारखं सूत आज तुझ्याकडं कुणी मागत नाही.

मामा गुरुवारी रात्रीच्या गाडीनं निघतोय. आपल्या शिवारात आता सोयाबीन आणि हळद, पण परसातला देवकापूस यंदा चांगला फुटला. सरकी मीच काढली, बोटांनी पिंजला आणि बांबूच्या काडीवर वळून वीस पेळू केले. वर्तमानपत्रात गुंडाळलेत, दाबू नकोस. धपाटे वेगळ्या पिशवीत आहेत. ते आधी खा, हात साबणानं धू, मग पेळूला हात लाव.

तुझी,
आजी